मोटारीतला फोन आणि उंची स्टीरिओ

गाडी चालविताना फोन हातात न धरता बोलता यावे यासाठी जो संच बसवितात त्याला हँड्स-फ्री संच म्हणतात, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. नव्या गाड्यांत ही सोय कारखान्यातूनच येते. परंतु आपल्याकडे रस्त्यावर धावणाऱ्या सगळ्याच गाड्या नव्या नसतात. पंधरा वर्षांपूर्वी ज्या गाडीची किंमत ऐकून माणूस मागे फिरत असे, तीच गाडी आज दुसऱ्या-तिसऱ्या हाती साध्या नव्या गाडीपेक्षाही कमी दरात मिळते. अशा गाडीत चामड्याच्या बैठका असतात, नावाजलेल्या कंपनीचा आठ-दहा स्पीकरांचा स्टीरिओ असतो. नसते ती फोनची सोय. मग मालक बाजारातून एक संच आणतो, आणि इथून प्रश्न सुरू होतो. साध्या स्टीरिओच्या गाडीत तासाभरात बसणारा हा संच भारी स्टीरिओच्या गाडीत बसत नाही. बसविला तर आवाज येत नाही, आवाज आला तर फाटका येतो, आणि कधीकधी तो स्टीरिओच कायमचा मुका होतो. असे का होते, हे समजावून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, अभियांत्रिकीचा नव्हे. त्यामुळे विजेइतकाच हिशेबही या लेखात डोकावेल.

प्रथम साधी गाडी पाहू. डॅशबोर्डमध्ये स्टीरिओ असतो. त्याच्या मागे, अनेक युरोपीय गाड्यांत आणि त्यांच्या धर्तीवर बनलेल्या कित्येक गाड्यांत, आठ-आठ पिनांचे दोन कपलर असतात. यांना आय.एस.ओ. कपलर म्हणतात. पहिल्या म्हणजे 'ए' कपलरमध्ये वीज येते: चार नंबरच्या पिनेवर बॅटरीची कायम वीज, सात नंबरवर किल्ली फिरविल्यावर येणारी वीज, आठ नंबरवर अर्थ. दुसऱ्या म्हणजे 'बी' कपलरमधून चार स्पीकरांच्या चार जोड्या निघतात. काही गाड्यांत चार आणि सात या पिनांची अदलाबदल केलेली असते, म्हणून पिनांवर विश्वास न ठेवता मीटर लावून पाहावे.

हँड्स-फ्री संच या दोन कपलरांच्या मध्ये बसतो. फ्रान्समधील पॅरट कंपनीचा सीके३१०० हा संच २००० नंतरच्या दशकात युरोपात खूप चालला, आणि त्याच पद्धतीचे इतरही पुष्कळ आले. त्याची युक्ती सोपी आहे. स्टीरिओतून निघालेला आवाज संचाच्या पेटीतून जाऊन स्पीकरला पोहोचतो. एरवी पेटी नुसती वाट देते. फोन आला की पेटीतला रिले 'टक्' करून स्टीरिओची वाट तोडतो आणि पेटीतल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची वाट पुढच्या स्पीकरला जोडतो. बोलणे संपले की पुन्हा 'टक्', आणि गाणे होते तिथून सुरू. रेल्वेच्या सांधेवाल्याने रूळ बदलावा तसा हा प्रकार आहे. एकही तार कापावी लागत नाही. कपलर कपलरला जुळतो.

ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे. ते असे की स्टीरिओच्या मागून जी तार निघते ती थेट स्पीकरलाच जाते.

उंची स्टीरिओत हे गृहीत खोटे ठरते. तेथे डॅशबोर्डमधला स्टीरिओ हा केवळ तोंड असतो. ताकद दुसरीकडे, डिकीत किंवा सीटखाली ठेवलेल्या स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असते. ही पद्धत जुनी आहे. बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र आणि अमेरिकेतील एम.आय.टी.चे प्राध्यापक अमर बोस यांनी १९६४ मध्ये काढलेल्या कंपनीने १९८३ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक सेव्हिल आदी गाड्यांत जेव्हा प्रथम कारखान्यातूनच आपला स्टीरिओ बसविला, तेव्हा प्रत्येक स्पीकरच्या पेटीत त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर होता. गाडी आणि स्टीरिओ एकमेकांसाठीच बनवायचे, दाराचा आकार, काचेचे परावर्तन, बसणाऱ्याचे डोके कोठे येते हे सगळे मोजून आवाज जुळवायचा, ही त्यामागची कल्पना. ती उत्तम आहे यात शंका नाही. पण जी वस्तू इतकी मोजूनमापून जुळविलेली असते, तिच्यात तिऱ्हाईत पाहुण्याला जागा नसते.

आता संच तसाच मध्ये जोडला तर काय होते ते पाहू. स्टीरिओतून डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारा संदेश अगदी दुबळा असतो, एखाद-दोन व्होल्टचा, काही गाड्यांत थोडा अधिक. अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. फोनच्या संचातून मात्र स्पीकर हलविण्याइतका, म्हणजे आठ-दहा व्होल्टपर्यंतचा संदेश निघतो. कुजबूज ऐकण्यासाठी कान लावून बसलेल्या माणसाच्या कानात कोणी शिंग फुंकावे तसे त्या अ‍ॅम्प्लिफायरचे होते. पलीकडचा माणूस "हॅलो" म्हणतो आणि गाडीत पत्रा फाटल्यासारखा आवाज येतो.

यावर काही कारागीर दुसरी वाट धरतात. ते म्हणतात, मग अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढे जाऊ, स्पीकरच्याच तारेवर संच जोडू. ही वाट अधिक धोक्याची आहे, आणि का ते आकड्यांनीच सांगणे बरे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. एवढ्या विजेवर साधा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला जास्तीत जास्त १० व्होल्टच्या आसपास परिणामी दाब देऊ शकतो. साधा स्पीकर ४ ओहमचा असतो. १० ला ४ ने भागले की अडीच अँपिअर प्रवाह, आणि २५ वॅट शक्ती. हे संचाला झेपते. पण उंची स्टीरिओचे स्पीकर पुष्कळदा २ ओहमचे, कधी १ ओहमचे, कधी त्याहूनही कमी असतात. १ ओहमवर तोच हिशेब १० अँपिअर आणि १०० वॅट होतो. हाताच्या तळव्याएवढ्या पेटीला हे कोठून झेपणार? संरक्षण असेल तर ती बंद पडते. नसेल तर जळते. शिवाय गाणे चालू असताना अ‍ॅम्प्लिफायरचा तो जड प्रवाह संचातल्या नाजूक रिलेतून जात राहतो, ते वेगळेच.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, स्पीकरची एक तार बॉडीला अर्थ करून भागणार नाही का? कदापि नाही. आजच्या स्टीरिओंत स्पीकरच्या दोन्ही तारांत जीव असतो. त्यातली एकही अर्थ नसते. ती बॉडीला टेकली की आतील आय.सी. गेलीच म्हणून समजावे.

तिसरा प्रकार सर्वांत निराळा. २००१ साली आलेल्या बी.एम.डब्ल्यू.च्या सेव्हन सीरीजपासून 'मोस्ट' नावाची पद्धत गाड्यांत आली, आणि पुढे मर्सिडीझ, ऑडी, व्होल्वो यांच्या अनेक गाड्यांत ती पसरली. येथे स्टीरिओपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत तांब्याची तार आवाज नेतच नाही. प्लॅस्टिकचा एक धागा असतो, त्यातून लाल प्रकाश धावतो, आणि त्या प्रकाशात आवाज आकड्यांच्या रूपाने लिहिलेला असतो. स्टीरिओ, अ‍ॅम्प्लिफायर, नकाशाचे यंत्र ही सर्व एका वर्तुळात गुंफलेली असतात. प्रत्येकाने शेजाऱ्याकडून घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे. पंगतीत एकाने हात आखडला की पुढे वाढपच होत नाही, तसे येथे एक कडी तुटली की सगळे वर्तुळ गप्प होते. त्या धाग्याला २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा वाक चालत नाही. कापून, पिळून, इन्शुलेशन टेप गुंडाळून तो जोडता येत नाही. अशा गाडीत संच घालायचा तर त्या वर्तुळाची भाषा बोलणारे खास जोडयंत्र त्याच गाडीसाठी मिळते का ते पाहावे लागते, आणि त्याची किंमत पुष्कळदा संचाहून अधिक असते.

आमच्या मामांचा बेळगावहून गोव्याला भाजीपाला पाठविण्याचा व्यवसाय आहे. चोर्ला घाटातून त्यांची आठवड्याला दोन-तीनदा ये-जा असते, आणि फोन हे त्यांचे निम्मे दुकान आहे. त्यांनी गेल्या वर्षी अशीच एक जुनी जर्मन गाडी घेतली. जुन्या गाडीतला हँड्स-फ्री संच काढून तो नव्या गाडीत बसवावा म्हणून ते एका दुकानात गेले. दुकानदाराने गाडीचे नावही न विचारता पक्कड उचलली. मामांनी गाडी तशीच मागे घेतली आणि उद्यमबागेतील एका वयस्क इलेक्ट्रिशियनकडे मला बरोबर नेले, कारण ते गृहस्थ कन्नडखेरीज दुसरे बोलत नाहीत आणि मामांचे कन्नड बाजारापुरतेच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या जाळीवरचे स्टीरिओचे नाव वाचले आणि म्हणाले, "मोदल आंप एल्लि ऐती नोड्री. वायर कट माडबेड्री." म्हणजे, आधी अ‍ॅम्प्लिफायर कोठे आहे ते पाहा, वायर कापू नका. (मराठीत 'तार' आणि कन्नडमध्ये 'तंती' असे दोन चांगले शब्द असताना दोन्ही भाषांतले कारागीर 'वायर'च म्हणतात. आपल्या अंकाच्या दोन विभागांत निदान या एका शब्दावर वाद होणार नाही.)

अ‍ॅम्प्लिफायर कोठे आहे हे पाहण्याची त्यांची रीत कोणत्याही विद्यार्थ्याला जमेल अशी आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. त्याआधी स्टीरिओचा सांकेतिक क्रमांक मालकाजवळ आहे ना हे विचारून घ्यावे, कारण जुन्या गाड्यांत वीज गेली की तो क्रमांक दिल्याशिवाय स्टीरिओ उघडत नाही. मग स्टीरिओ बाहेर ओढून 'बी' कपलर सोडवावा आणि गाडीकडच्या बाजूला एका स्पीकरच्या जोडीवर मीटर ओहमच्या पट्टीवर लावावा. तीन ते चार ओहम दाखविले तर तार थेट स्पीकरला जाते. गाडी साधी आहे, संच खुशाल बसवा. हजारोंच्या घरात आकडा आला तर पलीकडे स्पीकर नसून अ‍ॅम्प्लिफायरचे तोंड आहे. आणि जोड्याच नसतील, नुसता प्लॅस्टिकचा धागा असेल, तर ते वर्तुळ आहे. कपलर परत लावून डॅशबोर्ड बंद करावा. काही गाड्यांत हे दोन सुटे कपलर नसून क्वाडलॉक नावाचा एकच मोठा कपलर असतो, परंतु त्यातही स्पीकरच्या जोड्या ओळखता येतात आणि परीक्षा हीच.

मामांच्या गाडीत मीटरने हजारोंचा आकडा दाखविला. डिकीच्या डाव्या कुशीत, अस्तराच्या मागे, अ‍ॅम्प्लिफायर होता.

अशा मधल्या प्रकारच्या गाडीत संच स्टीरिओतूनच वाजवायचा हट्ट असेल तर मार्ग आहे. संचाचा जोरकस आवाज दुबळा करणारे छोटे यंत्र मध्ये घालायचे. बाजारात त्याला हाय-टू-लो कन्व्हर्टर म्हणतात. पण मग दुसरी अडचण येते. स्टीरिओ चालू असतो तेव्हाच तो अ‍ॅम्प्लिफायरला 'जागा हो' असा संदेश एका वेगळ्या तारेने, ज्या गाडीत अशी तार असते तेथे, पाठवितो. स्टीरिओ बंद असताना फोन आला तर अ‍ॅम्प्लिफायर झोपलेलाच. पलीकडचा माणूस बोलतो आहे आणि गाडीत शांतता. यावर काही जण ती जागविणारी तार सरळ बॅटरीच्या कायम विजेला जोडून टाकतात. याचा हिशेब मांडून पाहावा. समजा अ‍ॅम्प्लिफायर नुसता जागा राहण्यासाठी अर्धा अँपिअर घेतो आणि बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. ९० तासांत बॅटरी पूर्ण रिकामी. पण इंजिन सुरू होण्यासाठी बॅटरी बरीचशी भरलेली लागते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन रात्रींतच गाडी ढकलण्याची पाळी येऊ शकते. ती तार किल्लीच्या विजेवर घ्यावी, किंवा स्टीरिओ व संच या दोघांनीही तिला जागविता यावे म्हणून प्रत्येकाच्या तारेत एकेक डायोड घालावा, म्हणजे एकाची वीज दुसऱ्यात उलटी शिरत नाही.

एवढे सगळे केल्यावर मिळते काय? येथे माझ्या मते बहुतेक मालकांची समजूत चुकते. त्यांना वाटते, स्टीरिओ भारी म्हणजे फोनही भारी ऐकू येईल. फोनच्या आवाजाची पट्टीच मुळी अरुंद असते: सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ. ब्लूटूथच्या हँड्स-फ्री पद्धतीत रुंद पट्टीचा आवाज २०११ च्या सुधारणेनंतर आला; त्याआधीचे संच अरुंद पट्टीवरच चालतात. तबल्याच्या डग्ग्याची घुमक आणि झांजेची किणकिण ऐकविण्यासाठी बनविलेल्या दहा स्पीकरांना फोनच्या या पट्टीत करण्यासारखे काहीच नसते. ज्यांचा संच जुना आहे त्यांनी तर ही आशा सोडूनच द्यावी.

उलट एक तोटा होतो. चांगल्या संचात प्रतिध्वनी मारण्याची सोय असते. स्पीकरमधून आलेला पलीकडच्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरतो. आपण काय वाजविले ते संचाला ठाऊक असते, म्हणून तो तेवढे वजा करून उरलेले पाठवितो. जमाखर्चात दोन नोंदी जुळवून काटून टाकाव्यात तसेच हे आहे. पण मध्ये उंची अ‍ॅम्प्लिफायर आला की तो आवाज थोडा थांबवून, थोडा बदलून, निरनिराळ्या स्पीकरांतून निरनिराळ्या वेळी सोडतो, कारण गाण्यासाठी त्याला तसेच शिकविलेले असते. मग नोंदी जुळत नाहीत. पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज क्षणभराने परत ऐकू येतो आणि तो वैतागून फोन ठेवतो.

म्हणून मामांच्या गाडीत वेगळाच निर्णय झाला. ४ ओहमचा एक छोटा स्वतंत्र स्पीकर चालकाच्या उजव्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डखाली, पेडलांना आड येणार नाही असा घट्ट बसविला. संचाची स्पीकरची तार त्यालाच. गाडीच्या स्टीरिओकडून फक्त चार गोष्टी घेतल्या: कायम वीज, किल्लीची वीज, अर्थ, आणि म्यूटची तार, जिच्यामुळे फोन येताच स्टीरिओ स्वतःहून गप्प होतो. त्यादेखील मधला जोडकपलर वापरून, म्हणजे मूळ तारेला ब्लेड लागले नाही. संचासोबत आलेले फ्यूज तसेच ठेवले. "जाड घाला, उडणार नाही" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, फ्यूज उडण्यासाठीच असतो. मायक्रोफोन आरशाजवळ, तोंडाकडे रोखून, वाऱ्याच्या झरोक्यापासून दूर. त्याची तार नेताना काचेशेजारच्या खांबाच्या आवरणामागे एअरबॅग आहे का हे पाहावे आणि एअरबॅगच्या पुढून तार कधीच नेऊ नये. पिवळे आवरण किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समजून त्याला हातही लावू नये.

खर्चाची बाजू वाणिज्याच्या विद्यार्थ्याने सांगितलीच पाहिजे. स्वतंत्र स्पीकर आणि जोडकपलर यांचा खर्च गाडीच्या किमतीपुढे चिल्लर आहे. उलट मूळ वायरिंग कापल्याने होणारे नुकसान पावतीवर दिसत नाही. ते दिसते गाडी विकताना. अशी गाडी घेणारा माणूस स्टीरिओ वाजवून पाहतोच, आणि एका दारातून खरखर ऐकू आली की भाव पाडायला त्याला निमित्त मिळते. वर्षाच्या घसाऱ्याखेरीज हा एका दिवसाचा घसारा.

कायद्याचेही एक वाक्य. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने गाडी चालविताना हातात धरलेल्या फोनचा वापर धोकादायक वाहनचालनात धरला आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. संच बसविल्याने हात सुटतात हे खरे. लक्ष मात्र सुटत नाही. १९९७ मध्ये टोरोंटोतील ६९९ चालकांच्या अभ्यासात बोलत असताना अपघाताचा धोका चौपट आढळला, आणि हँड्स-फ्री फोन हा हातातल्या फोनपेक्षा सुरक्षित ठरला नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थच्या अभ्यासातही असेच निघाले. मामांना हे वाचून दाखविले तेव्हा ते म्हणाले, "घाटात एरवीही रेंज नसते." आता ते घाट लागण्यापूर्वी गाडी बाजूला घेऊन भाव सांगून टाकतात, आणि वळणावर रेंज येऊन फोन वाजलाच तर उचलत नाहीत. संच त्यांनी तरीही ठेवला आहे. पणजीच्या वाहतूक-कोंडीत उभे असताना तो उपयोगी पडतो म्हणतात.

बसविल्यावर परीक्षा चार अवस्थांत घ्यावी: स्टीरिओ चालू असताना फोन, स्टीरिओ बंद असताना फोन, इंजिन सुरू होत असताना फोन, आणि किल्ली काढून गाडी रात्रभर उभी ठेवल्यावर सकाळी बॅटरीचे व्होल्ट. आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. जोडणीचे चित्रही काढून ठेवावे, कारण पुढच्या कारागिराला आपली आठवण उपयोगी पडत नाही. मामांच्या गाडीचे चित्र आर.सी.च्या पाकिटात आहे. एका बाजूला मराठीत, आणि पाठीमागे त्या इलेक्ट्रिशियनच्या सांगण्यावरून मी कन्नडमध्ये लिहिलेले.